खालच्या मजल्याचा खटला

आमच्या मंडळात एकही काळा माणूस नव्हता. सगळे गव्हाळ. काही निमगोरे, आणि दोघे-तिघे स्वतःच्या मते इतके गोरे की लंडनच्या स्टॅनमोर स्टेशनवर इंग्रज लोक त्यांनाच पत्ता विचारत. ज्यांचा रंग तव्याच्या पाठीशी स्पर्धा करत होता तेसुद्धा "मी फोटोत जरा डार्क येतो" एवढंच कबूल करत आणि कॅमेऱ्याच्या कंपनीला नावं ठेवत. एरवी ही गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नसती. पण त्या वर्षी आम्ही अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका लहान गावाचं नाटक बसवायला घेतलं, आणि त्यातला आरोपी काळा हवा होता.

मूळ दोष माझ्या मुलीच्या शाळेचा. तेव्हा फोनला बटणं होती, आणि भारतात बोलायचं तर कोपऱ्यावरच्या दुकानातून कार्ड आणून, खरवडून, हातभर लांब नंबर दाबावा लागे. दाबून होईपर्यंत पुण्यातली माणसं म्हातारी होत. त्या काळात शाळेने तिला इंग्रजीच्या तासाला एक अमेरिकन कादंबरी लावली. ती जेवणाच्या टेबलावर पडलेली असायची. मी सहज उघडली, आणि मिटली तेव्हा गॅसवरच्या आमटीची वडी झाली होती. कापसाची शेतं, उकाडा, गरिबी, आणि कातडीचा रंग बघून माणसाची किंमत करणारं गाव. मी रडलो. असा रडलो की शेजारच्या इंग्रज बाईने भिंतीवर टकटक करून कुणी गेलं का म्हणून चौकशी केली, आणि दुसऱ्या दिवशी फुलं आणून दिली.

डोळे पुसून ती कादंबरी मी आमच्या मंडळाच्या दिग्दर्शकाला दिली. हा पेशाने दातांचा डॉक्टर. पेशंटच्या तोंडात यंत्र घालून त्याला तो आपल्या नव्या नाटकाची गोष्ट सांगत असे. पेशंटला "आँ" सोडून काही म्हणता येत नसे, त्यामुळे आपली नाटकं लोकांना आवडतात अशी त्याची ठाम समजूत होती. कादंबरीवर नाटक करायचं तर परवानगी काढावी लागते हे कळल्यावर तो लायब्ररीत गेला, त्याच जातीच्या दिसतील तेवढ्या कादंबऱ्या घरी आणल्या, सगळ्या एकत्र वाटल्या आणि त्यातून स्वतःचं नाटक काढलं.

त्यात गावातल्या चर्चची घंटा चोरीला जाते आणि आळ येतो एका काळ्या सुतारावर. घंटा खरी पाद्र्यानेच विकून खाल्लेली असते. मग एक थोर गोरा वकील सगळ्या गावाचा रोष पत्करून सुताराची बाजू मांडतो. तीन अंक. त्यातले अडीच वकिलाचे. सुताराला सगळ्या नाटकात एकच वाक्य होतं: "मी निर्दोष आहे, साहेब." मी म्हटलं, डॉक्टर, नाटक त्याच्यावर आणि बोलायला एकच वाक्य? तर म्हणाला, "नाटक त्याच्यावर आहे म्हणूनच. बाकीचे सगळे त्याच्याबद्दलच बोलतायत ना?"

पहिल्या बैठकीला हॉलभर नुसते वकील जमले होते. जो येई तो काळ्या कोटातच येई. आरोपीला मारायला निघालेल्या गोऱ्यांच्या जमावात बायकांनी भराभर नावं दिली, कारण जमावाला हॅट होत्या. आरोपीचं नाव निघालं तेव्हा मात्र सगळ्यांना आपापल्या पार्किंगची आठवण झाली. ज्यांच्याकडे डॉक्टरची नजर वळली त्या गृहस्थांनी बाही वर करून दंडाचा आतला रंग सगळ्या सभेला दाखवला. मग कुणीतरी तोडगा काढला की एखाद्या गोऱ्याशा माणसालाच घेऊ आणि काजळ फासू.

माझी मुलगी तेव्हा खुर्च्या लावायला आली होती. जन्म इथला, मराठी आमच्यापासून उचललेलं, त्यामुळे लिंगं जरा स्वतंत्र. ती म्हणाली, "तुमची नाटक रेसिझमच्या अगेन्स्ट आहे ना? मग ही कास्टिंग काय चाललाय?" सभेने तिचं मराठी किती गोड आहे याचं पाच मिनिटं कौतुक केलं आणि मुद्दा तिथेच संपवला.

शेवटी आरोपी म्हणून निवड झाली नागपूरच्या मुलाची. मुलगा म्हणजे तिशीतला सॉफ्टवेअरवाला, वर्क परमिटवर आलेला. तो मंडळात नवा होता, म्हणजे नाही म्हणायची सवय त्याला अजून लागली नव्हती. रंगाने तो डॉक्टरपेक्षा दोन हात उजळ होता, पण डॉक्टर म्हणाला की नागपूरच्या उन्हातून आलेल्या माणसाला भूमिकेचं आतून भान असतं. मुलगा हसला. त्याची बायको शेजारी बसली होती, सातव्या महिन्यात, मांडीवर हात ठेवून. ती नाही हसली.

त्यांनी मंडळात यायला सुरुवात केली ती नाटकाच्या हौसेने नव्हे, घरासाठी. हॅरोला एका चिकनच्या दुकानाच्या डोक्यावर एका खोलीत ते राहत होते. त्या खोलीत तळणीचा वास इतका मुरला होता की तिथे नुसता श्वास घेतला तरी पोट भरायचं. घरमालकाने स्वच्छ सांगितलं होतं की मूल झालं की खोली सोडायची, रडणाऱ्या पोराची भानगड त्याला नको. एजन्सीवाले इथल्या जुन्या घरमालकाची चिठ्ठी मागत, आणि जुना घरमालक तर हाच. मिडवाइफ दर भेटीत विचारायची की बाळाचा पाळणा कुठे ठेवणार. ती बिचारी दर वेळी हवेत बोट दाखवून, इथे, असं सांगायची.

आणि आमच्या अध्यक्षांच्या घराचा खालचा मजला रिकामा होता. स्वतंत्र दार, एक खोली मोठी, एक लहान, छोटं किचन, मागे बागेचा तुकडा. आधीचे भाडेकरू एडिनबराला बदलून गेले होते. पहिल्याच भेटीत अध्यक्षांनी नागपूरच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं, "खालचा मजला तुमचाच समजा." त्याच्या बायकोने तर लहान खोलीत पाळणा कुठल्या भिंतीला लावायचा हेही मनातल्या मनात ठरवून टाकलं. मला म्हणाली, "काका, खिडकीपाशी नाही ठेवणार. इथली थंडी लई बेकार हाय."

तुम्ही म्हणाल, तुम्ही का नाही दिलं घर? आमच्या घरात आम्ही एकमेकांना ओलांडून झोपत होतो. माझा उजवा पाय कायम जिन्यात असे.

आता अध्यक्षांबद्दल. वकिलाची भूमिका त्यांनाच मिळाली, कारण तालमी त्यांच्याच दिवाणखान्यात होणार होत्या. पण नुसतं तेवढंच नाही. अन्याय या विषयावर सगळ्या नॉर्थ लंडनमध्ये त्यांच्याइतका अधिकार कुणाचा नव्हता. ते तरुणपणी इथे आले तेव्हा लोकांनी त्यांना खोली नाकारली होती. खिडकीत पाटी दिसायची, हे बेल वाजवायचे, दार उघडायचं, रंग दिसायचा, दार बंद. हे खरं होतं, त्यात मी एक अक्षर फुगवत नाही. ते सांगताना त्यांचा आवाज बसायचा आणि आमचाही. फक्त दर गणपतीला दारं वाढत गेली. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एका रस्त्यावरची दारं होती. त्या वर्षीपर्यंत इंग्लंडात त्यांना नाही म्हणायचं राहिलेलं दार फक्त राणीचं उरलं होतं.

तालमी रविवारी दुपारी. मी प्रॉम्प्टर. माझी निवड आवाजामुळे झाली, म्हणजे आवाज फार मोठा म्हणून मला भूमिका द्यायची कुणाची छाती नव्हती. अध्यक्ष पाठांतर करत नसत. अध्यक्षांना वेळ कुठे? त्यांनी एक तंत्र बसवलं होतं. डावा कान विंगेकडे द्यायचा, मी वाक्य पुटपुटलं की ते जसंच्या तसं उचलायचं आणि हात पसरून प्रेक्षकांवर सोडायचं. कानातून तोंडाकडे जाताना वाक्य मेंदूत उतरत नसे, सरळ बायपासने जाई. एकदा दुसऱ्या अंकात माझी पानं चिकटली. मी म्हटलं, "थांबा, पान चिकटलंय." अध्यक्षांनी छातीवर मूठ आपटली आणि गदगदून म्हणाले, "थांबा! पान चिकटलंय!" जमावातल्या दोन बायकांनी डोळ्याला पदर लावला.

तालमीनंतर अध्यक्षीणबाई चहा करत आणि चहाबरोबर चौकशी. कुणाचं आडनाव ऐकून पुढचं कळलं नाही की त्यांना रात्रभर झोप लागत नसे. माझं आडनाव असं आहे की ऐकल्यावर प्रश्न आपोआप थांबतात, म्हणून हे शास्त्र मी इतकी वर्षं बाजूने बघत आलो. नागपूरच्या जोडप्याचं आडनाव दोन्हीकडचं, तिन्हीकडचं. गाव घेऊन केलेलं. त्यामुळे बाईंचा तपास सुरू झाला. सरळ विचारायची पद्धत आमच्यात नाही, ते असभ्य दिसतं. नागपूरचे ते झालं, पण त्याआधीचे मूळ कुठले? घरी गौरी खड्याच्या बसवतात की उभ्या? कुलदैवत कोणतं? आमटीत मसाला काळा की गोडा? आणि लग्न कसं लागलं, म्हणजे सकाळच्या मुहूर्तावर का गोरज? स्कॉटलंड यार्डला जे जमलं नसतं ते या बाई एका चकलीत काढून घेत. पण ती मुलगी प्रत्येक प्रश्नाला थेट उत्तर द्यायची आणि बाईंच्या हाती काही लागायचं नाही. गौरी बसवत नाही म्हणाली, तर बाईंनी स्वतःच अर्थ लावला की विदर्भात काही काही घरी नसते ती पद्धत.

ती काही लपवत होती असं नाही. मला नंतर म्हणाली, "मसाला काहून विचारत होत्या त्या? जे विचारायचं ते विचारलं असतं, तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

एका रविवारी दोघं तालमीला जरा उशिरा आली. डॉक्टर ओरडणार, तेवढ्यात ती खुर्चीत टेकत म्हणाली की सकाळी कॅमडेनला गेलो होतो, ते शिकत असताना राहिले ते घर बघायला. आत जाता येत नाही, बाहेरूनच नमस्कार केला, फोटो काढला. बाळ व्हायच्या आत एकदा जायचंच होतं. ते म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. मराठी माणूस कॅमडेनमध्ये हात जोडून उभा राहतो तो एकाच घरासमोर.

अध्यक्षीणबाईंच्या हातातली किटली कपाच्या वर तशीच तिरकी राहिली आणि चहा बशीत, बशीतून गालिच्यावर. मग सगळे एकदम बोलायला लागले. फार मोठा माणूस. केवढं शिक्षण. आम्हालाही एकदा जायचंच आहे, असं अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या घरापासून कॅमडेन ट्यूबने अर्ध्या तासावर होतं आणि त्यांचं आख्खं आयुष्य लंडनमध्ये गेलं होतं.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्याचा बॉयलर आजारी पडला.

त्या बॉयलरइतका आजारी बॉयलर मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. आधी त्याचा पायलट लाइट गेला. मग पंप. मग त्याचा एक सुटा भाग म्हणे फक्त जर्मनीत मिळत होता आणि तो बनवणारा माणूस सुट्टीवर होता. बॉयलर जरा बरा होतोय असं वाटलं तर भिंतीला ओल आली. ओल वाळते तोवर अध्यक्षांचा नाशिकचा भाचा यायचा ठरला, ज्याला याआधी कुणी पाहिलं नव्हतं आणि ज्याचा व्हिसा दर रविवारी थोडा थोडा होत होता. हे सगळं बोलणं तालमीच्या मधल्या वेळात चाले. आणि चहा संपला की अध्यक्ष उठून कोट घालत आणि नागपूरच्या मुलाच्या शेजारी उभं राहून गर्जत, "या माणसाचा गुन्हा एवढाच की तो आपल्यासारखा दिसत नाही." मुलगा मान खाली घालून उभा. अभिनय फार सुधारलाय, असं डॉक्टर मला म्हणाला.

ती तालमींना येत राहिली. चिकनच्या दुकानावर बसण्यापेक्षा इथे हीटर होता. जमावाच्या हॅटना फिती शिवायचं काम तिने घेतलं होतं. एका रविवारी शिवता शिवता, मान वर न करता, ती अध्यक्षीणबाईंना म्हणाली, "काकू, ओल भिंतीलाच आलीये ना?"

बाई म्हणाल्या, "म्हणजे काय गं? आमच्याकडे तसलं काही नसतं हो. आम्ही किती वर्षं इकडे राहतोय. आमची कामवाली पोलिश आहे."

"नाही, मी ओलीचंच विचारलं," ती म्हणाली आणि दातांनी दोरा तोडला.

परत जाताना गाडीत मी मुलाला म्हटलं, सोड ते नाटक, त्या डॉक्टरच्या तोंडावर फेक तो साखळदंड. साखळदंड प्लास्टिकचा होता, लागला नसता. तो म्हणाला की दर आठवड्याला दुसरी घरं बघतोय, मिळालं तर पहिल्यांदा तेच करीन. पण तारीख जवळ आलीये, आणि अध्यक्षांनी अजून तोंडाने नाही म्हटलेलं नाही. घर हवं असलेल्या माणसाला रागसुद्धा महाग पडतो. मागच्या सीटवर ती डोळे मिटून बसली होती. झोपली नव्हती.

प्रयोग शाळेच्या हॉलमध्ये, शनिवारी संध्याकाळी. आत डोसा-इडलीवाला आपल्या शेगड्या मांडून बसलेला, बाहेर पाऊस. स्टॅनमोर, हॅरो, वेम्बली, जिथे जिथे मराठी श्वास घेतला जात होता तिथून माणसं आली होती. काही तर बर्मिंगहॅमहून. एक आजोबा व्हीलचेअरवरून आले आणि गर्दीमुळे त्यांना उभं राहावं लागलं.

पहिला अंक उत्तम गेला. जमावाच्या हॅटना स्वतंत्र टाळ्या पडल्या. दुसऱ्या अंकात पाद्र्याची दाढी निघाली, तीही त्याने पश्चात्तापाने उपटल्यासारखी उपटून फेकली आणि टाळ्या घेतल्या. तिसरा अंक म्हणजे कोर्ट. आरोपीच्या पिंजऱ्यात नागपूरचा मुलगा, हातात साखळ्या. पहिल्या रांगेत अध्यक्षीणबाई, पैठणी, नथ. त्यांच्यापासून पाच-सहा खुर्च्या सोडून ती, आता नवव्यात, दोन खुर्च्यांवर मिळून एक बसलेली. त्याच आठवड्यात तिचा घरमालक दाराला नोटीस चिकटवून गेल्याचं तिने मला विंगेत येऊन सांगितलं होतं. तक्रार म्हणून नाही. नाटक संपल्यावर गाडीत दोन पेट्या टाकून आमच्याकडे ठेवता येतील का, एवढंच विचारायला.

अध्यक्षांनी शेवटचं भाषण सुरू केलं. डावा कान माझ्याकडे. मी सोडतोय, ते झेलतायत.

"या गावात या माणसाला न्याय नाही." दिलं. घेतलं. हात पसरले.

"या गावात या माणसाला उभं राहायला जागा नाही." दिलं. घेतलं. आवाज बसला. हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज.

पुढचं वाक्य मानवतेच्या मंदिराबद्दल होतं. समोर लिहिलेलं होतं, दिसत होतं. मी काही ठरवून गेलो नव्हतो, हे मी आजही कुणापुढेही सांगायला तयार आहे. जीभ माझी, पण त्या क्षणी ती कुणाचं ऐकेना.

मी म्हटलं, "पण माझ्या घराचा खालचा मजला रिकामा आहे."

"पण माझ्या घराचा खालचा मजला," अध्यक्ष गर्जले, "रिकामा आहे!"

"स्वतंत्र दार आहे. मागे बाग आहे."

"स्वतंत्र दार आहे! मागे," इथे त्यांनी आकाशाकडे बोट केलं, "बाग आहे!"

"बॉयलर उत्तम चालतो."

"बॉयलर उत्तम..."

आणि इथे वाक्य पहिल्यांदा बायपास सोडून मेंदूत शिरलं. अध्यक्षांचं आकाशातलं बोट तिथेच राहिलं. दक्षिणेतल्या त्या गावात बॉयलर कुठून आला, हा प्रश्न डॉक्टरच्या चेहऱ्यावर मला समोरच्या विंगेत दिसत होता. पहिल्या रांगेत पैठणी ताठ झाली. मी श्वास रोखला. मी श्वास रोखला की हॉलमधला ऑक्सिजन वाढतो, असं आमच्या घरी म्हणतात. त्या थांबण्याला लोक अभिनय समजले. एवढा मोठा पॉज त्यांच्या बापजन्मात कुणी घेतला नव्हता. मागून एकाने "वाऽ" केलं. मग दुसऱ्याने. टाळ्या तळहातांत येऊन थांबल्या होत्या, नुसतं वाक्य पुरं व्हायचा अवकाश होता, आणि ज्याच्या पुढ्यात टाळ्या अशा ताटकळत उभ्या आहेत तो नट मागे फिरत नाही. मागे फिरला तर तो कसला मराठी?

"...चालतो!" अध्यक्ष म्हणाले. "आणि तो मजला या माणसाचा आहे!" हे शेवटचं मी दिलेलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्या खिशातून घातलं. हॉल कोसळला.

टाळ्या ओसरल्यावर पिंजऱ्यातला माणूस बोलला. त्याचं एकमेव वाक्य पहिल्या अंकातच म्हणून झालं होतं, त्यामुळे डॉक्टरने कपाळाला हात लावला.

"कधीपासून, साहेब?"

अध्यक्षांनी सवयीने डावा कान माझ्याकडे केला. मी काय सांगणार? मी म्हटलं, "आजपासून."

"आजपासून," अध्यक्ष म्हणाले. या वेळी हात नाही पसरले.

पडदा पडल्यावर डोशाच्या रांगेत अध्यक्षांभोवती गर्दी. काय उत्स्फूर्त, काय अंतःकरण, शब्द संहितेत नव्हते म्हणे, आतून आले. अध्यक्ष विनयाने म्हणत होते की त्या क्षणी मला कोर्ट दिसत नव्हतं, माणूस दिसत होता. तेवढ्यात ती आली. हळूहळू, कमरेवर हात ठेवून. गर्दीने वाट करून दिली. हातात डोशाच्या प्लेटी घेतलेली सगळी माणसं, सगळ्यांची तोंडं भरलेली, सगळे कान मोकळे. ती अध्यक्षांशी बोललीच नाही. पैठणीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, किल्ली पर्समध्ये असंल ना? सामान काही जास्त नाही. आज रात्रीच आणतो."

बाईंनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी चटणीकडे बघितलं. पर्समधून किल्ली निघाली. तिने ती घेतली, भाडं नेमकं किती ते तिथेच विचारलं, आधीच्या भाडेकरूंना होतं तेवढंच ना, असं सगळ्यांदेखत वदवून घेतलं, आणि मग प्लेट हातात घेऊन रांगेत उभी राहिली.

त्यांच्या पेट्या माझ्या गाडीतून नेताना मी मनातून भलताच खूश होतो. म्हटलं, कुणाला कळणारही नाही पण हे काम आपण केलं. तसं मी तिला थोडंसं सुचवलंही, की काही गोष्टी विंगेतून घडतात. ती म्हणाली, "काका, तुमचं प्रॉम्प्टिंग बर्मिंगहॅमवाल्यांनीपण ऐकलं. प्रत्येक वाक्य आधी तुमच्या आवाजात आलं, मग त्यांच्या." मी गाडी जवळजवळ कठड्यावर घातली. म्हणजे हॉलमधल्या प्रत्येक माणसाने ते वाक्य दोनदा ऐकलं होतं, कुणाचं आहे हे माहीत असून टाळ्या वाजवल्या होत्या, आणि डोशाच्या रांगेत ते आतून आल्याचं अध्यक्षांना सांगितलंही होतं. नाटक फक्त स्टेजवर चालू होतं, अशी माझी समजूत होती.

बॉयलर अर्थातच ठणठणीत होता. बाळ आलं तेव्हा लहान खोली अशी उबदार होती की हिवाळ्यात खिडकी किलकिली ठेवावी लागे. मोठ्या खोलीत, दारातून आत आल्याबरोबर समोर, तिने निळ्या कोटातला फोटो लावला. अध्यक्ष रोज कचऱ्याचा डबा न्यायला त्याच बाजूने जायचे. भाचा नाशिकलाच राहिला.

अध्यक्षीणबाई बाळाला बघायला गेल्या. झबलं आणलं होतं, चांगलं, महागातलं. बाळाला मांडीवर घेतलं, नाक कुणासारखं यावर पुष्कळ बोलल्या. चहा टाकू का विचारलं तर म्हणाल्या, अगं आत्ताच घेऊन आले. पुढच्या वेळीही आत्ताच घेतला होता. बारशाच्या दिवशीही. इंग्लंडात राहून चहा इतक्या वेळा आत्ताच घेतलेली दुसरी बाई मला ठाऊक नाही. मी एकदा तिला म्हटलं, पोरी, कशाला विचारतेस मग? ती म्हणाली की मी विचारत नाहीच आता. त्या आल्या की चहा करते, त्यांच्यासमोर ठेवते, आणि बसते बोलत.

मी गेलो त्या दिवशीही तो कप टीपॉयवर होता. बाई वरून आल्या होत्या, बाळाला टाळ्या शिकवत होत्या. चहावर साय धरत आली होती. दोघींपैकी कुणीही तिकडे बघत नव्हतं, आणि कुणी तो उचलतही नव्हतं.